घरगुती प्रवाळ मत्स्यालयातील रॅस मासे

रॅस हे लॅब्रिडी कुळातील सागरी माशांचे सर्वसाधारण नाव होय. उष्ण व समशीतोष्ण कटिबंधांतील उथळ समुद्रांत, विशेषतः प्रवाळ खडकांच्या परिसरात, या कुळाच्या ५०० हून अधिक जाती आढळतात. मूळ इंग्रजी नावातील पहिले अक्षर उच्चारात येत नाही. त्यामुळे मराठीत 'रॅस' असेच लिहिणे योग्य ठरते. तेजस्वी रंग, दिवसभराची अखंड हालचाल आणि लहान किडे टिपण्याची सवय यांमुळे या कुळातील अनेक लहान जाती घरगुती सागरी मत्स्यालयात पाळल्या जातात. प्रस्तुत लेखात त्यांच्या संगोपनाची माहिती असून, समुद्रापासून दूर, उष्ण आणि पाणीटंचाईच्या प्रदेशात हे संगोपन करताना येणाऱ्या प्रश्नांचा विचार जालना जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

शरीररचना

रॅस माशांचे ओठ जाड असतात आणि तोंड पुढे सरकवता येते. पुढचे दात बहुधा सुळ्यांसारखे बाहेर डोकावतात. घशात आणखी एक जबड्यांची जोडी असते. तिच्या साहाय्याने हे मासे शिंपले, गोगलगायी व खेकडे यांची कवचे फोडतात. पोहताना ते शेपटीपेक्षा छातीच्या परांचा अधिक उपयोग करतात. पक्ष्याने पंख हलवावेत तसे हे पर वरखाली होत असतात, आणि शेपटी केवळ झेप घेण्यासाठी राखून ठेवलेली असते. ही झेप मत्स्यालयात फार महत्त्वाची ठरते, कारण घाबरलेला रॅस मासा सरळ वर उसळतो आणि उघड्या टाकीतून बाहेर पडतो.

या कुळातील आकारमानाचा पल्ला थक्क करणारा आहे. काही जाती पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा मोठ्या होत नाहीत, तर कपाळावर उंचवटा असलेला नेपोलियन रॅस दोन मीटरहून लांब वाढतो. पोपटमासे हे वेगळे कुळ मानण्याची पद्धत होती. आता अनेक अभ्यासक त्यांचा समावेश याच कुळात करतात.

रॅस माशांची बुद्धी हा गेल्या काही दशकांत संशोधनाचा विषय झाला आहे. पलाऊ बेटांजवळ २००९ मध्ये टिपलेल्या चित्रफितीत याच कुळातील एक मासा वाळूतून शिंपला उकरून काढतो, तोंडात धरून दूरवरच्या खडकापाशी नेतो आणि खडकावर आपटून फोडतो, असे दिसते. जपानमधील मासानोरी कोहदा आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वच्छक रॅस माशाने आरशात पाहून स्वतःच्या गळ्यावरील खूण खरवडून काढण्याचा प्रयत्न केला. या प्रयोगाच्या अर्थाविषयी मतभेद आहेत. तथापि, ज्या प्राण्याला आपण चार फूट लांबीच्या काचपेटीत ठेवतो तो नुसती शोभेची वस्तू नव्हे, एवढे त्यावरून नक्कीच म्हणता येते.

निद्रेची पद्धत

रॅस मासे दिवाचर आहेत. दिवे मालवताच ते दिसेनासे होतात व उजेड झाल्यावरच पुन्हा बाहेर येतात. ते रात्र कोठे काढतात यावरून त्यांचे दोन मोठे गट पडतात, आणि मत्स्यालयाची मांडणी मुख्यतः या भेदावर अवलंबून असते.

हॅलिकोइरेस, कोरिस, अनॅम्प्सेस, मॅक्रोफॅरिंगोडॉन या प्रजातींतील मासे वाळूत शिरून झोपतात. संकटाची चाहूल लागली तरी ते क्षणार्धात वाळूत गडप होतात. यांच्यासाठी तळाशी पाच ते आठ सेंटिमीटर जाडीचा बारीक, गोलसर कणांच्या वाळूचा थर लागतो. जाड किंवा टोकदार कणांनी त्यांचे अंग खरचटते, जखमेत जंतुसंसर्ग होतो आणि मासा हळूहळू खंगतो. गोदावरी-पूर्णेच्या पात्रातील बांधकामाची वाळू या कामासाठी निरुपयोगी आहे; तिचे कण कोनदार असतात आणि तिच्यात मातीही असते. बाजारात मिळणारी बारीक चुनखडीयुक्त सागरी वाळू वापरणे इष्ट.

सिर्‍हिलॅब्रस, पॅराकायलिनस व स्यूडोकायलिनस या प्रजातींतील मासे वाळूत जात नाहीत. ते खडकांच्या कपारीत शिरतात आणि त्यांपैकी अनेक जण स्वतःभोवती श्लेष्माचा पातळ, पारदर्शक कोश विणतात. सकाळी हा कोश पाण्यात तरंगताना दिसला की नवखा माणूस आजाराच्या शंकेने घाबरतो. प्रत्यक्षात ते निरोगी माशाचे लक्षण आहे. पोपटमाशांच्या अशाच कोशांवर अलेक्झांड्रा ग्रटर व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कोश काढून टाकलेल्या माशांवर रक्तशोषक परजीवींचा हल्ला कितीतरी अधिक झाल्याचे आढळले. म्हणजे हा कोश मच्छरदाणीचे काम करतो.

दूरच्या प्रदेशातून आणलेला मासा नव्या टाकीत सोडताच वाळूत जातो आणि काही दिवस, कधी आठवडाभरही वर येत नाही. त्याचे शारीरिक घड्याळ अजून मूळ समुद्राच्या वेळेवर चालत असते. अशा वेळी तो मेला असे समजून वाळू उकरणे हे सर्वांत वाईट. पाण्याची परीक्षा करावी, अमोनिया शून्य असल्याची खात्री करावी आणि वाट पाहावी.

लिंगबदल

बहुतेक रॅस जातींत मासा प्रथम मादी असतो आणि पुढे नर होऊ शकतो. एका नराच्या ताब्यात अनेक माद्या अशी त्यांची समाजरचना असते. डी. आर. रॉबर्टसन यांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरील स्वच्छक रॅस माशांवर केलेले संशोधन १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. गटातील नर काढून घेतल्यावर सर्वांत मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि साधारण दोन ते अडीच आठवड्यांत तिच्या शरीरात शुक्राणू तयार होतात, असे त्यांना दिसून आले.

मत्स्यालयात याचा व्यावहारिक अर्थ असा की, एकाच जातीचे दोन रंगीत नर एकत्र ठेवू नयेत. एकापेक्षा अधिक मासे हवे असल्यास लहान वयाच्या, फिकट रंगाच्या माद्या आणाव्यात. त्यांतील एक पुढे आपोआप नर होते. मात्र दुकानात पाहिलेल्या नराचे रंग एकट्या ठेवलेल्या माशात कायम टिकतीलच असे नाही. समोर मादी किंवा प्रतिस्पर्धी नसेल तर काही जातींच्या नरांचे रंग फिके पडतात.

समुद्राविना समुद्राचे पाणी

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या अगदी काठी उभे राहिले. जालना शहराची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. अरबी समुद्राचा किनारा तेथून सरळ रेषेतही सुमारे ३०० किलोमीटर दूर असून शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. येथे मत्स्यालयातील पाण्याचा प्रत्येक लिटर हाताने तयार करावा लागतो.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये कृत्रिम समुद्रजलाची कृती प्रसिद्ध केली. त्यांनी साधे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड असे चारच क्षार वापरले होते. आज मिळणाऱ्या तयार मिश्रणांत यांखेरीज कॅल्शियम, बायकार्बोनेट, स्ट्रॉन्शियम, बोरॉन व इतर सूक्ष्म घटकही असतात. एक लिटर शुद्ध पाण्यात साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मिश्रण घातल्यास समुद्राइतकी, म्हणजे दर हजार भागांत ३५ भाग क्षारता मिळते. पाणी रात्रभर पंपाने ढवळून, दुसऱ्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता मोजूनच ते टाकीत घालावे.

'समुद्राचे पाणी म्हणजे मिठाचे पाणी' या समजुतीने किराणा दुकानातील खडे मीठ वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा. समुद्रातील क्षारांपैकी सोडियम व क्लोराइड यांचा वाटा सुमारे ८५ टक्के असला तरी उरलेल्या भागातच मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट आदी घटक असतात. मिठागरात मीठ स्फटिकरूपाने खाली बसते तेव्हा मॅग्नेशियमचे कडू क्षार बहुतांशी वरच्या पाण्यात राहून जातात. त्यामुळे मीठ जितके चांगले तितके ते समुद्रापासून दूर गेलेले असते. त्या पाण्यात मासे जगत नाहीत.

जालन्याच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणीही खारे आहे आणि विद्यार्थ्यांकडून त्याविषयी हमखास विचारणा होते. लोणारचे पाणी केवळ खारे नसून तीव्र अल्कधर्मी आहे. त्याचा पीएच १० च्या आसपास असतो. समुद्राचा पीएच सुमारे ८.१ असतो. पीएचचे मोजमाप दशपटीच्या श्रेणीचे असल्याने हा फरक दिसतो त्याहून फार मोठा आहे. त्या सरोवरात मासे नाहीत. शिवाय ते संरक्षित क्षेत्र असून २०२० मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे.

मिश्रण कितीही चांगले असले तरी मूळ पाणी शुद्ध असावे लागते. मराठवाड्यातील बेसाल्ट खडकात खोदलेल्या बोअरचे पाणी सामान्यतः जड असते. शेतीप्रदेशात त्यात नायट्रेटही उतरते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. त्यामुळे आरओ यंत्राला विआयनीकरणाची एक नळी जोडून, टीडीएस मीटरवर शून्य किंवा त्याच्या जवळ नोंद येईल असे पाणी वापरतात. पिण्यासाठीच्या घरगुती आरओ यंत्रातून निघणारे पाणी तेवढे शुद्ध नसते, कारण चवीसाठी त्यात थोडे क्षार जाणूनबुजून ठेवलेले असतात.

पाणीटंचाई आणि सांडपाणी

जालना जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. शहराला एके काळी निजामकाळात बांधलेल्या घाणेवाडी जलाशयाचा आधार होता. पुढे पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी आणावे लागले. २०१२-१३ च्या दुष्काळात सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत जालन्याची गणना होते. अशा ठिकाणी सागरी मत्स्यालयाचा पाण्याचा हिशेब आधी मांडणे आवश्यक आहे.

२०० लिटरच्या टाकीचा दर आठवड्याला दहावा हिस्सा बदलला तर २० लिटर लागतात. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने दिवसाला चार-साडेचार लिटर पाणी उडाले, तर आठवड्याची भर ३० लिटरची. एकूण ५० लिटर शुद्ध पाणी. ते मिळवताना आरओ यंत्र साधारण दोन ते तीनपट पाणी बाहेर टाकते, म्हणजे आणखी १०० ते १५० लिटर. हे बाहेर टाकलेले पाणी थोडे अधिक जड असते, एवढेच. फरशी पुसणे, शौचालय, वाहन धुणे यांसाठी ते पूर्ण उपयोगी आहे. ते पिंपात साठवण्याची सोय नसेल, तर दुष्काळी भागात हा छंद शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येतो आणि ते अकारण नव्हे.

टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्याची गोष्ट अगदी निराळी. २० लिटरमध्ये ७०० ग्रॅम क्षार असतात, म्हणजे वर्षाकाठी सुमारे ३६ किलो. हे पाणी अंगणात, कुंडीत वा परसातल्या झाडांना घालू नये. मराठवाड्याची काळी, चिकण जमीन सोडियमने घट्ट होते, तिच्यातून पाण्याचा निचरा होत नाही आणि पिकाची मुळे गुदमरतात. विहीर, बोअर व शोषखड्डा यांच्या जवळही ते ओतू नये. शहरातील सांडपाण्याच्या गटारात, घरातील इतर पाण्याबरोबर थोडे थोडे सोडणे हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे. खेड्यात, जेथे सांडपाणी शेवटी शेतातच जाते, तेथे मोठी सागरी टाकी ठेवू नये असे स्पष्ट म्हणावे लागेल.

उन्हाळा आणि वीज

प्रवाळ परिसरातील बहुतेक रॅस माशांना २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. जालन्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. समुद्राच्या पाण्यात तो मुळातच गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमी मावतो, आणि ५०० मीटर उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने आणखी थोडा घटतो. सतत पोहणाऱ्या माशाची गरज मात्र तापमानाबरोबर वाढत असते. म्हणून ३० अंशांच्या वरचे पाणी धोक्याचे समजावे.

चिलर हे उपकरण खात्रीचे पण खर्चिक असते. कोरड्या हवेच्या प्रदेशात त्याला एक स्वस्त पर्याय आहे आणि या बाबतीत जालना मुंबईपेक्षा भाग्यवान म्हटला पाहिजे. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याने वारा सोडला की बाष्पीभवन वाढते आणि पाणी थंड होते. माठाचे तत्त्व तेच. एक लिटर पाणी उडताना जेवढी उष्णता घेऊन जाते तेवढ्याने २०० लिटर पाणी सुमारे तीन अंशांनी थंड होऊ शकते. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही. मराठवाड्यातही पावसाळ्यात त्याचा प्रभाव ओसरतो, परंतु तेव्हा उन्हाची तीव्रताही उतरलेली असते. खोलीत वाळ्याचा कूलर चालू असल्यास खोली थंड राहते, पण हवा दमट झाल्याने टाकीवरच्या पंख्याचे काम मंदावते. दोन्हींचा एकत्र परिणाम थर्मामीटरवर पाहूनच ठरवावा.

बाष्पीभवनाने केवळ पाणी उडते, क्षार मागे राहतात. २०० लिटरपैकी १० लिटर उडाले तर क्षारता ३५ वरून जवळपास ३७ वर जाते. ही तूट नेहमी शुद्ध, बिनमिठाच्या पाण्याने भरावी. खाऱ्या पाण्याने तूट भरत राहिल्यास महिनाभरात क्षारता माशांना असह्य होते.

वीज गेल्यावर पहिला धोका तापमानाचा नसून प्राणवायूचा असतो. पंप थांबताच पृष्ठभाग स्थिर होतो, आणि वाळूत झोपलेले मासे सर्वांत आधी गुदमरतात. घरातील इन्व्हर्टरवर एक अभिसरण पंप जोडलेला असावा. तेवढेही शक्य नसल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा पंप तरी जवळ ठेवावा.

टाकीची मांडणी

सहारेषी रॅससारख्या लहान जातीसाठीही १५० ते २०० लिटरपेक्षा लहान टाकी घेऊ नये. २०० लिटरच्या टाकीचे वजन पाणी, काच, वाळू व खडक धरून ३०० किलोपर्यंत जाते. ती जुन्या माळवदी घराच्या वरच्या मजल्यावर ठेवणे धोक्याचे आहे; सिमेंट-काँक्रीटच्या घरातही ती भिंतीलगत, तुळईच्या जवळ असावी.

टाकीवर बारीक जाळीचे झाकण अनिवार्य आहे. जाळीची छिद्रे सहा मिलिमीटरच्या आसपास असावीत. काचेचे झाकण मासे अडवते, परंतु उन्हाळ्यात उष्णता कोंडते व हवेची देवघेव रोखते. रॅस माशांच्या अकाली मृत्यूच्या कारणांत 'टाकीबाहेर उडी' हे कारण फार वरचे आहे, आणि ते टाळणे सर्वांत सोपे आहे.

नवी टाकी भरल्यानंतर लगेच मासे सोडता येत नाहीत. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट, आणि दुसरे काही जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे जिवाणू खडक व वाळू यांवर पुरेसे वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. खडक सच्छिद्र हवा तो याचसाठी. दख्खनचा काळा पाषाण घट्ट असल्याने त्यावर जिवाणूंना फारसा आसरा मिळत नाही; सिरॅमिकचे किंवा सिमेंट-चुनखडीचे कृत्रिम खडक अधिक उपयुक्त ठरतात. सोबत प्रोटीन स्किमर नावाचे उपकरण लावतात. ते हवेच्या बुडबुड्यांच्या फेसातून विरघळलेली सेंद्रिय घाण बाहेर काढते.

जातींची निवड

सहारेषी रॅस, शास्त्रीय नाव स्यूडोकायलिनस हेक्साटेनिया, हा आठ-दहा सेंटिमीटरचा चपळ मासा बाजारात सहज मिळतो. शिंपल्यांना चिकटणाऱ्या परजीवी गोगलगायी आणि लहान चपटकृमी तो वेचून खातो. मात्र टाकीत जम बसल्यावर तो नंतर आलेल्या लहान माशांचा छळ करतो. म्हणून त्याला सर्वांत शेवटी सोडण्याचा प्रघात आहे.

पिवळा रॅस, म्हणजे हॅलिकोइरेस क्रायसस, हा नवशिक्यासाठी सर्वांत योग्य मानावा. सुमारे १२ सेंटिमीटर लांबी, शांत स्वभाव आणि तयार अन्न स्वीकारण्याची तयारी हे त्याचे गुण. त्याला वाळूचा थर मात्र हवाच. सिर्‍हिलॅब्रस प्रजातीतील 'परी रॅस' मासे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव खातात आणि सहसा कोणाच्या वाटेला जात नाहीत. याच प्रजातीतील सिर्‍हिलॅब्रस फिनिफेन्मा ही मालदीवच्या समुद्रातील जाती २०२२ मध्ये नव्याने वर्णिली गेली. मालदीवच्या समुद्रातील माशाच्या जातीचे वर्णन करणाऱ्या संशोधकांत स्वतः मालदीवचा शास्त्रज्ञ असण्याची ती पहिलीच वेळ होती. तिचे नाव धिवेही भाषेतील गुलाबाच्या नावावरून ठेवले आहे.

चंद्र रॅस, थॅलसोमा लुनारे, हिंदी महासागरात सर्वत्र आढळतो आणि देखणा असतो. परंतु तो २५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, कोळंबी व लहान मासे गट्ट करतो आणि फार आक्रमक असतो. चारशे-पाचशे लिटरपेक्षा लहान टाकीत त्याला स्थान नाही. बिबट्या रॅस या नावाने विकले जाणारे मॅक्रोफॅरिंगोडॉन मासे दिवसभर वाळू-खडकांतील सूक्ष्म कवचधारी जीव टिपतात. नव्या, जीवविरहित टाकीत ते उपाशी मरतात. किमान वर्षभर स्थिरावलेली टाकी नसेल तर ते घेऊ नयेत.

स्वच्छक रॅस

लॅब्रॉइड्स डायमिडिएटस हा निळ्या-काळ्या पट्ट्याचा लहान मासा इतर माशांच्या अंगावरील परजीवी खाऊन जगतो. प्रवाळ खडकांवर त्याची ठरलेली ठिकाणे असतात आणि मोठे मासे तेथे येऊन तोंड उघडून थांबतात. ग्रटर यांच्या १९९६ च्या अभ्यासानुसार एक स्वच्छक मासा दिवसाला सरासरी सुमारे १,२०० परजीवी खातो.

हा एकच आकडा त्याला घरी का आणू नये हे सांगण्यास पुरेसा आहे. घरगुती टाकीतील पाच-सात माशांच्या अंगावर एवढे अन्न कधीच नसते. माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला की तो बरा करण्यासाठी हा मासा विकला जातो, परंतु त्या रोगाचा परजीवी त्वचेच्या आत दडलेला असल्याने तो याच्या हाती लागत नाही. बहुसंख्य स्वच्छक मासे टाकीत काही आठवड्यांत खंगून मरतात. काही जण गोठवलेले अन्न खाऊ लागतात, पण त्या भरवशावर मासा विकत घेणे योग्य नव्हे.

समुद्राचेही यात नुकसान होते. ऑस्ट्रेलियातील लिझार्ड बेटाजवळ काही लहान प्रवाळ खडकांवरून साडेआठ वर्षे सातत्याने स्वच्छक मासे काढून टाकले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या खडकांवरील स्थायिक माशांची संख्या सुमारे ३७ टक्क्यांनी, तर जातींची संख्या सुमारे २३ टक्क्यांनी कमी आढळली.

प्रवास, विलगीकरण आणि आहार

जालन्यासारख्या गावी मासे मोठ्या शहरांतील विक्रेत्यांकडून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून येतात आणि त्यांचा पिशवीतला काळ बहुधा बारा तासांहून अधिक असतो. एवढ्या वेळात पिशवीत अमोनिया साचतो. पण माशाच्या श्वसनाने कर्बवायूही साचून पीएच उतरलेला असल्याने तो अमोनिया तुलनेने निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की कर्बवायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून लांबच्या प्रवासानंतर पिशवीत तासन्‌तास थेंबथेंब पाणी सोडत बसणे घातक ठरते. विक्रेत्याकडील क्षारता आधी विचारून विलगीकरण टाकीचे पाणी तेवढेच ठेवावे, बंद पिशवी तापमान जुळेपर्यंत पाण्यावर तरंगू द्यावी आणि उघडल्यावर मासा विनाविलंब हलवावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

विलगीकरण किमान चार आठवड्यांचे असावे. तेथे तळाला वाळू नसते. म्हणून वाळूत झोपणाऱ्या जातींसाठी बारीक वाळू भरलेला काचेचा वाडगा ठेवतात. तांब्याची औषधे द्यावयाची झाल्यास ती याच टाकीत, मोजमाप करून द्यावीत. मुख्य टाकीतील कोळंबी, गोगलगायी व प्रवाळ तांब्याने मरतात.

रॅस माशांची चयापचय क्रिया वेगवान असते. दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे अन्न द्यावे लागते. गोठवलेली मायसिस कोळंबी, आर्टेमिया, बारीक चिरलेली समुद्री कोळंबी व माकूल हे चांगले खाद्य होय. पाठीचा भाग बारीक होऊन डोक्यामागे खळगा दिसू लागल्यास मासा उपाशी आहे असे समजावे.

कायदा आणि संरक्षण

'प्रवाळ मत्स्यालय' या शब्दाचा भारतात जपून अर्थ लावावा लागतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व पाषाण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्नी प्रवाळ, नलिका प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश करण्यात आला. जिवंत प्रवाळच नव्हे, तर समुद्रातून आणलेला मृत प्रवाळाचा सांगाडा बाळगणे किंवा विकणे हादेखील अपराध असून पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. दुकानात 'जिवंत खडक' म्हणून मिळणारा तुकडा पुष्कळदा प्रवाळाचाच असतो. समुद्रघोडेही याच अनुसूचीत घेतले गेले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने साईट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधनही आले आहे. ही स्थिती पाहता कृत्रिम खडकांवर उभारलेली, केवळ माशांची टाकी हा घरगुती छंदासाठी निर्धोक मार्ग ठरतो. रॅस माशांचे त्यात काही अडत नाही. त्यांना कपारी हव्या असतात, प्रवाळ नव्हे.

महाराष्ट्रात प्रवाळ पाहावयाचे असल्यास १९८७ मध्ये घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा समुद्रात बुडालेला प्रवाळयुक्त उंचवटाही आहे.

व्यापारातील बहुतेक रॅस मासे आजही समुद्रातून पकडलेले असतात. बंदिवासात पैदास झालेल्या जाती मोजक्याच आहेत. अळ्या अतिसूक्ष्म असल्याने त्यांना पहिले अन्न पुरवणे हीच पैदाशीतील मुख्य अडचण आहे. काही देशांत मासे पकडण्यासाठी सोडियम सायनाइडचे द्रावण खडकांत फवारण्याची बेकायदा पद्धत आढळते. त्यामुळे मासा बधिर होऊन हाती येतो, पण त्याच्या अवयवांना इजा होते आणि आसपासचे प्रवाळ मरतात. नेपोलियन रॅस हा खाण्यासाठी जिवंत विकल्या जाणाऱ्या माशांच्या व्यापारामुळे दुर्मीळ झाला असून २००४ मध्ये त्याला साईट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात स्थान देण्यात आले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो संकटग्रस्त या वर्गात आहे. त्याची पिल्ले लहानपणी सुंदर दिसतात, परंतु दोन मीटर वाढणारा हा मासा कोणत्याही घरगुती टाकीत ठेवता येत नाही.